मला आडवं करू नका

माझं बीपी माझ्या स्वभावामुळं वाढतं, असं आमच्या घरात ठरून गेलं होतं. ठरवलं कुणी म्हणाल, तर आधी धाकट्या भावानं, मग जिंतूरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं आणि पुढं भेटायला येणाऱ्या एकूणएक पाहुण्यानं. "अण्णा, राग जरा कमी करा," असं म्हणत लोक माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचे. गुडघ्यावरचा हात मला कळत नाही. छातीच्या खाली मला काहीच कळत नाही. पण हात दिसायचा, आणि त्या हाताचा राग यायचा.

मी रागीट आहे, हे खोटं नाही. आमचा दोघा भावांचा जिंतुरात मंडप-बिछायतीचा धंदा. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो की पुढाऱ्याची सभा, बांबू, पत्रे, गाद्या, खुर्च्या आमच्या. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं काम भावाचं आणि गड्यांवर ओरडायचं काम माझं. माझा आवाज मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचा. लोक ऐकायचे, कारण ऐकलं नाही तर काय होतं हे त्यांना ठाऊक होतं.

काही वर्षांपूर्वी परभणीहून मोटारसायकलवर येत होतो. दिवेलागणीची वेळ. तुरीच्या रानातून एक रोही, नीलगाईचा नर, उधळत आला आणि सरळ माझ्या अंगावर आदळला. तो उठून निघून गेला. माझी मान मोडली होती. नांदेडला ऑपरेशन झालं. आता खांदे हलतात, कोपर वळतं, मनगट उचलतं, बोटं काही करत नाहीत. पाय तर नुसते जोडलेले. लघवीला कायमची नळी आणि पिशवी. श्वासही अर्धाच येतो, म्हणून आवाज गेला. ओरडायला गेलो की चाकातली हवा गेल्यासारखं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच घरच्यांना माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलता यायला लागलं, आणि त्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

पहिला झटका घरी आल्यावर काही महिन्यांनी आला. दुपारी भाऊ माझ्या बाजेजवळ उभा होता. एका लग्नाला त्यानं फाटक्या गाद्या पाठवल्या होत्या आणि मी त्यावरून त्याला बोलत होतो. बोलता बोलता नाक चोंदलं, हातावर काटा आला आणि मग डोक्यात कुणीतरी घण घालायला लागलं. चेहऱ्यावरून घामाच्या धारा, छातीच्या खाली अंग कोरडंठाक. डॉक्टरला बोलावलं. त्यानं पट्टा बांधला, मशीनकडं पाहिलं आणि भावाला विचारलं, "काही वाद झाला का?"

"झाला की. ह्यो रोजच करतो," भाऊ म्हणाला.

झालं. जिभेखाली गोळी, रोजची वेगळी गोळी, मीठ बंद, राग बंद. त्याच वेळी बायकोनं माझी लघवीची पिशवी पाहिली. ती गच्च भरून वर नळीपर्यंत आली होती. तिनं ती रिकामी केली आणि थोड्याच वेळात डोकं शांत झालं. पिशवीचा विचार कुणीच केला नाही. गुण गोळीला मिळाला आणि दोष मला.

त्या रोजच्या गोळीनं माझी पार वाट लावली. मला खुर्चीत बसवलं की कानात भुंगा शिरायचा, समोरचं अंधारून यायचं आणि मान पुढं पडायची. पहिल्यांदा मी ओसरीत असा पडलो तेव्हा बायको रडायला लागली. भावानं मला उचलून गादीवर आडवं केलं, पाय वर धरले, आणि मी डोळे उघडले. तेव्हापासून तो सगळ्यांना सांगायचा, "अण्णाला काही झालं की आडवं करायचं. मग ठीक होतो." हे सांगताना त्याच्या तोंडावर एक समाधान असायचं. मला आडवं करणं ही त्याची विद्या झाली.

नांदेडला तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या बाई डॉक्टरनं माझ्या गोळ्या हातात घेतल्या आणि बायकोला विचारलं, "ही बीपीची गोळी कुणी दिली?"

"गावातल्या डॉक्टरांनी. ह्यांचं बीपी लय वाढतं."

"आजपासून बंद." मग त्या माझ्याकडं वळल्या. तोपर्यंत माझ्याबद्दल लोक माझ्या देखत दुसऱ्याशीच बोलायचे, म्हणून हे लक्षात राहिलं. "तुमचं नेहमीचं प्रेशर आता कमीच राहणार. बसलात की अजून उतरणार, म्हणून चक्कर. पोटाला पट्टा बांधा, हळूहळू बसा. पण ते अचानक चढतं ते वेगळं. खाली काही अडकलं, टोचलं, दाबलं गेलं, तर तुम्हाला कळत नाही, पण शरीराला कळतं. ते खालच्या खाली दंगा करतं आणि मेंदूचा हुकूम तिथपर्यंत पोचत नाही. मग प्रेशर चढतच जातं."

"मग आडवं करायचं ना?" बायकोनं विचारलं.

"अजिबात नाही. चेहरा पांढरा पडला, शुद्ध हरपायला लागली, तर आडवं. चेहरा लाल झाला, डोकं ठणकायला लागलं, तर सरळ बसवायचं. पाय खाली, कपडे सैल, आणि कारण शोधायचं. आधी लघवीची नळी, मग बाकीचं. तरी उतरलं नाही तर दवाखाना. उलटं केलंत तर डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस जाईल."

मी विचारलं, "आणि रागाचं काय?"

"रागाचं काय? तुम्ही हवं तेवढं रागवा."

हे भावानं ऐकायला हवं होतं. तो बाहेर गाडीत बसला होता. परतताना बायकोनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, एक म्हणतो झोपवा, एक म्हणती बसवा. माणसानं करावं तरी काय?" आणि त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. दुपारची पिशवी रिकामी करायचं काम भावाच्या मुलीकडं आलं. ती परभणीच्या कॉलेजातून शिकून घरी आली होती आणि पुढचं काही ठरत नव्हतं. बायकोनं तिला नळीचं सगळं शिकवलं. ती ओढणी नाकावर गुंडाळून यायची, माझ्याकडं न बघता काम करायची आणि हात धुवायला पळायची. मला तिची चीड यायची. तिला माझी येत असणार. पण तिनं एक दिवस चुकवला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

तिचं लग्न जुळत आलं. पाहुणे चुडाव्याचे, मुलगा पुण्यात कंपनीत. पसंती झाली होती, आता आमच्या घरी सुपारी फुटायची होती. त्याच्या आदल्या आठवड्यात भाऊ माझ्याकडं आला. त्याला बसायला सांगितलं नाही, तो उभाच राहिला.

"अण्णा, मी म्हणतो, दोन दिवस तू पोखर्णीला बहिणीकडं राहा. गाडीनं सोडतो. नरसिंहाचं दर्शनबी होईल."

"सुपारी झाल्यावर जातो दर्शनाला."

"तसं न्हाई. पाव्हण्यात गर्दी असती. तुला त्रास होईल."

"मला काय त्रास होतो ते मी बघतो. घरातला मोठा कोण हाय?"

"तूच हायस की. कोण न्हाई म्हणायलंय?"

"मग मोठ्यानं कुठं बसायचं असतं?"

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "वास येतो अण्णा."

इतक्या वर्षांत हे कुणी तोंडावर बोललं नव्हतं. मी म्हणालो, "येऊ दे. मी पुढच्या खोलीत बसणार. तुला जमत नसंल तर सुपारी हॉलात कर."

हॉल त्याला परवडला असता, पण बिछायतवाल्यानं स्वतःच्या घरची सुपारी दुसऱ्याच्या हॉलात केली तर गाव हसलं असतं. त्यानं ऐकलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

सुपारीच्या दिवशी बायको सकाळपासून चुलीपाशी अडकली होती. मला तयार करायला भाऊ स्वतः आला. आला म्हणण्यापेक्षा चाल करून आला. कडक कांजी केलेला पांढरा पायजमा त्यानं माझ्या पायांत कोंबला. एरवी पिशवी खुर्चीच्या खाली लोंबते. त्यानं ती वर घेतली, मांडीमागं सीटवर दडवली, नळी दुमडून पोटाच्या पट्ट्याखाली खोचली आणि वरून नाडी आवळली.

"पिशवी खाली पायजे," मी म्हणालो.

"दिसती ती."

"दिसू दे."

"एक घंटा गप बस अण्णा. एकच घंटा." त्यानं माझ्या अंगावर इतकं अत्तर ओतलं की मला ठसका लागला.

पाहुणे आले. खाली आमच्याच गाद्या, आमच्याच पांढऱ्या चादरी, तक्के, मधोमध पाट. मी भिंतीशी खुर्चीत. मुलाचे वडील भले वाटले. त्यांनी मला नमस्कार केला आणि लग्नात मंडप कसा असावा यावर माझं मत विचारलं. मी आनंदानं बोलत होतो. भाऊ माझ्याकडं तिरक्या नजरेनं बघत होता, जणू काही मी त्याची जागा घेतली होती.

मग हातावर काटा आला. नाक चोंदलं. मला लगेच कळलं. भाऊ सरबताचा ट्रे फिरवत होता. मी हळू म्हणालो, "नळी बघ. पिशवी खाली घे."

त्यानं ऐकलं. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, त्यानं ऐकलं होतं. तो पाहुण्यांकडं वळून हसला. "अण्णाला जरा बीपीचा त्रास हाय. राग लवकर येतो."

सगळे समजुतीनं हसले. माझ्या डोक्यात पहिला घण पडला.

मी पुन्हा म्हणालो, "पिशवी." आवाज निघाला नाही. घाम डोळ्यांत उतरत होता. समोरची माणसं पुसट झाली. मुलाचे वडील उठून म्हणाले, "ह्यांचा चेहरा बघा, लाल झालाय. हार्टचं तर न्हाई ना?"

"काही न्हाई, आडवं केलं की ठीक होतो," भाऊ म्हणाला. त्यानं आणि आणखी कुणीतरी मला खुर्चीतून उचललं आणि गादीवर सपाट टाकलं. उशी काढली. पाय वर धरले.

तो त्रास कसा होता ते मला नीट सांगता येत नाही. डोळे बाहेर येतील असं वाटलं. आत काहीतरी फुटणार आहे आणि ही माणसं मला त्यासाठी सोयीचं करून देताहेत, एवढंच कळत होतं. मी "बसवा, बसवा" म्हणत होतो. भाऊ वरून म्हणत होता, "शांत हो अण्णा. रागाऊ नको."

गलका ऐकून मुलगी आतून आली. जरीची साडी, केसांत गजरा, कपाळाला कुंकू लावून घ्यायला तयार. तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. "पप्पा, आडवं नका करू त्यांना. बसवा."

"तू आत जा."

"मोठ्या मम्मीनं सांगितलंय, बसवायचं."

"आत जा म्हणलं ना तुला."

ती आत गेली नाही. तिनं माझ्या काखेत हात घालून मला ओढत भिंतीला टेकवलं. मग सगळ्या पाहुण्यांच्या देखत माझा सदरा वर केला, पायजम्याची नाडी सोडली, पट्टा उकलला आणि दुमडलेली नळी ओढून काढली. त्या ओढाताणीत नळी पिशवीपासून सुटली. इतका वेळ कोंडलेलं सगळं धार लागून पांढऱ्या चादरीवर गेलं, तिच्या साडीवर गेलं, पाटाच्या दिशेनं वाहत गेलं. मुलाची आई पदर तोंडाला लावून उभी राहिली आणि तिनं पाय मागं घेतले.

माझ्या डोक्यातला ठणका उतरायला लागला. आतून बायको मशीन घेऊन धावत आली. पट्टा बांधला तेव्हा वरचा आकडा दोनशेच्या पुढं होता, आणि तेव्हा तर मला बरं वाटायला लागलं होतं. ती दर थोड्या वेळानं पट्टा फुगवत राहिली आणि आकडा खाली येत राहिला. मुलगी तशाच ओल्या साडीत माझ्या पाठीला टेकू देऊन बसली होती.

पाहुणे जेवले. सुपारी काही फुटली नाही. "आता ह्यांची तब्येत अशी, नंतर निवांत बघू," असं म्हणून ते गेले. आठवडा उलटल्यावर मध्यस्थाचा फोन आला. भावानं तो स्पीकरवर ठेवला, मुद्दाम, माझ्या खोलीत येऊन. पलीकडून आवाज आला, "त्यांचं म्हणणं असंय की तुमच्या घराण्यात बीपीचा आजार हाय. पुढं लेकराबाळांत उतरतो म्हणं."

रोह्यानं मोडलेली मान घराण्यात कशी उतरते, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

भावानं फोन बंद केला. "झालं तुझं समाधान?"

"नळी कुणी दुमडली?" मी विचारलं.

"मी नीट बांधली होती."

"मी तुला सांगितलं होतं. तू ऐकलं होतंस."

"मी तुला पोखर्णीला जा म्हणलं होतं. ते तू ऐकलं होतंस का?"

तो दारापर्यंत गेला आणि परत फिरला. माझ्या तोंडाजवळ वाकून म्हणाला, "पोरीचं वाटोळं केलंस तू. बसून बसून केलंस." नळी आपण दुमडली हे त्यानं आजतागायत कबूल केलेलं नाही.

मला वाटलं होतं, मुलगी तरी माझ्या बाजूनं असेल. दुपारी पिशवी रिकामी करायला ती आली तेव्हा ओढणी नाकावर नव्हती. मी म्हणालो, "तुझ्यामुळं वाचलो."

ती काम करत राहिली. मग म्हणाली, "मोठे पप्पा, दोन दिवस पोखर्णीला गेला असता तर काय झालं असतं तुमचं?"

"मग मी घरातला कुणीच न्हाई असं झालं असतं."

"आता कोण हाय तुमी?" ती म्हणाली. "मला तो मुलगा आवडला होता. कुणी विचारलं का मला?"

मी म्हणालो, "तुझ्या बापाला विचार." ती बादली घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही, आणि दुपारची पिशवी रिकामी करायला बायकोनं शेजारच्या एका बाईंना लावलं.

चुली वेगळ्या झाल्या. भावानं मंडपाचे पत्रे आणून अंगणात मधोमध उभे केले. गड्यांनी ते ठोकताना मी खिडकीतून बघत होतो. तीन पत्रे वाकडे ठोकले होते. पूर्वीचा मी असतो तर ते गडी तिथं उभे राहिले नसते. पुढं वर्षभरात मुलीचं परभणीला लग्न झालं. पत्रिका पत्र्यावरून टाकल्यासारखी शेजाऱ्याच्या हातून आली. मी गेलो. पुढं बसलो. भावानं मला पाहिलं आणि दुसरीकडून फिरून गेला. मुलगी पाया पडायला आली, पडली, आणि माझ्या खुर्चीखाली लोंबणाऱ्या पिशवीकडं एकदा बघून पुढं गेली.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या उन्हाळ्यात एकदा बायको शाळेत होती, शेजारच्या त्या बाई दुपारचं काम करून गेल्या होत्या. मी खाटेवर उशांना टेकून होतो. नाक चोंदलं, काटा आला. नळी मला दिसत होती, मोकळी होती, लघवी येत होती. तरी डोकं ठणकायला लागलं. मनगटानं मोबाइल ढकलत बायकोला फोन लावला. शाळेत रेंज नसते. पुन्हा लावला. मग ज्या नंबरला दोन वर्षं हात लावला नव्हता तो लावला.

"काय?" भाऊ म्हणाला.

"डोकं."

तो पत्र्याला वळसा घालून आला. चप्पल घालूनच आत आला. आता हा मला आडवं करणार, असं मला वाटलं आणि मी जमेल तेवढी मान हलवली. त्यानं मला सरळ बसवलं, पाय खाटेखाली सोडले, पोटाचा पट्टा सोडला, नळी वरपासून खालपर्यंत बोटानं चाचपली. सगळं ठीक होतं. तो क्षणभर थांबला. मग त्यानं माझ्या पायांवरची चादर ओढून काढली.

उजवा पाय मुंग्यांनी लाल झाला होता. त्या बाईंच्या हातून तिथं चहा सांडला असावा. बोटांच्या बेचक्यांत, घोट्याभोवती, मुंग्याच मुंग्या चावत होत्या. मला काही कळत नव्हतं. भावानं हातानंच त्या झटकल्या, झटकताना त्यालाही चावल्या, मग ओल्या फडक्यानं पाय पुसला, बोटं एकेक वेगळी करून पुसली. मशीन कुठं असतं ते त्याला माहीत नव्हतं, मी डोळ्यांनी दाखवलं. त्यानं पट्टा बांधला, आकडा पाहिला, थांबला, परत फुगवला. आकडा उतरत होता.

बराच वेळ तो माझ्या समोर खुर्ची ओढून बसला होता. हाताला चावल्या होत्या तिथं खाजवत होता. मग म्हणाला, "मरायचं असंल तर वहिनी घरी असताना मर. माझ्या माथी नको."

"कुलर लाव," मी म्हणालो.

त्यानं कुलर लावला आणि निघून गेला.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती पाय पाहून रडली आणि मग म्हणाली, "भावजींना बोलवून घ्या एकदा. काही नाही तर चहाला."

"कशाला?"

"त्यांना बसवायचं कळलं होतं. कधी कळलं, कुणी सांगितलं, विचारावं वाटत न्हाई तुम्हाला?"

वाटतं. रोज वाटतं. त्याच्या मुलीनं सांगितलं असेल, नाहीतर त्या दिवशी त्यानं स्वतःच पाहून ठेवलं असेल आणि पाहिलं हे कुणाला कळू दिलं नसेल. पण विचारलं तर तो काहीतरी उलट बोलेल, मग मी बोलेन, आणि पुन्हा नळीपाशी येऊन थांबू. तो वेळेवर आला, त्याला जे करायचं ते त्यानं बरोबर केलं, आणि मी जिवंत आहे. याचा मला आनंद व्हायला हवा. मला त्याचा राग येतो. बायकोला मी सांगितलं, चहा नको.

तिनं खाटेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले.